कृष्णाकाठी घर घेताना

पुण्याहून साताऱ्याच्या रस्त्याला लागून खंबाटकी ओलांडली, की थोड्या वेळात सुरूर फाटा येतो. तिथे उजव्या हाताला वळायचं आणि शेतामळ्यांतून दहा-बारा किलोमीटर गेलं, की वाई. पुण्यापासून अंतर म्हणाल, तर नव्वद किलोमीटरच्या आतबाहेर. आगगाडी काही वाईपर्यंत पोचलेली नाही, त्यामुळे एसटी नाहीतर स्वतःची गाडी. या रस्त्याने जाणारी बहुतेक मंडळी पाचगणी-महाबळेश्वरची असतात. वाईत गाडी थांबते ती चहापुरती, फार तर ढोल्या गणपतीच्या दर्शनापुरती. पुढे पसरणीचा घाट चढायचा असतो, मुलांना स्ट्रॉबेरीची घाई झालेली असते. त्यामुळे इतकं जुनं, नांदतं गाव पुष्कळांच्या लेखी 'वाटेवरचं गाव' एवढंच राहून जातं.

अलीकडे मात्र शहरातल्या ओळखीच्या घरांतून एक प्रश्न वारंवार ऐकू येतो. "वाईला एखादं जुनं घर मिळेल का हो?" कुणाची निवृत्ती जवळ आलेली असते, कुणाला फ्लॅटच्या चार भिंतींचा कंटाळा आलेला असतो, तर कुणी सिनेमात तिथला घाट पाहून भुललेलं असतं. आमच्याकडे हा प्रश्न आला तो सासूबाईंमुळे. त्यांचं माहेर वाईचं. त्यांच्या वडिलांचा वाडा केव्हाच पडला, त्या जागी तीन मजली इमारत उभी राहिली. पण 'चार महिने का होईना, कृष्णेच्या काठी राहावं' ही त्यांची इच्छा काही गेली नाही. म्हणून दोन वर्षं सुट्टीच्या दिवशी आम्ही वाईच्या आळ्या पालथ्या घातल्या, पंधरा-सोळा घरं पाहिली. त्यातून जे समजलं, ते आपल्या वाचक भगिनींना सांगावंसं वाटलं.

सात आळ्यांचं गाव

घर पाहण्याआधी गाव पाहावं. वाई डोंगरांच्या कुशीत वसली आहे. एका अंगाला पांडवगड, दुसऱ्या अंगाला वैराटगड, मधून कृष्णा. वाईकर नदीला नुसतं 'कृष्णा' म्हणत नाहीत, 'कृष्णाबाई' म्हणतात, घरातल्या वडीलधाऱ्या बाईबद्दल बोलावं तसं. विराटाची नगरी ती हीच, असं इथली माणसं सांगतात, आणि 'दक्षिण काशी' हे बिरुद तर अजूनही पाट्यांवर दिसतं.

गावात सात आळ्या. गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह आणि भीमकुंड. माघापासून चैत्रापर्यंत एकेका आळीचा कृष्णाबाईचा उत्सव पाळीपाळीने होतो. अफझलखानाचा तळ वाईत होता तेव्हा, म्हणजे १६५९ साली, त्याच्या पारिपत्यासाठी कृष्णाबाईला नवस बोलला गेला आणि तेव्हापासून हा उत्सव चालू झाला, अशी इथली परंपरा सांगते. उत्सवात त्या त्या आळीच्या लेकी सासरहून येतात. सासूबाई अजून स्वतःची ओळख करून देताना गावाचं नाव सांगून थांबत नाहीत, आळीचंही सांगतात! वाईत घर घेणं म्हणजे अमुक आळीत घर घेणं, हे त्यांच्याकडूनच मला कळलं. आळी कोणती यावर शेजार, घाट, उत्सव आणि पुराचं पाणी, सगळंच ठरतं.

गावाला आजचं रूप दिलं ते मुख्यतः रास्ते घराण्याने. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई, म्हणजे विश्वासराव, माधवराव आणि नारायणरावांच्या आई, या वाईच्या रास्त्यांच्या घरच्या. काशीविश्वेश्वराचं देऊळ आनंदराव भिकाजी रास्त्यांनी १७५७ साली बांधलं, आणि ढोल्या गणपतीचं गणपतराव भिकाजी रास्त्यांनी १७६२ साली. गणपतीची मूर्ती काळ्या दगडाची, ऐसपैस मांडी घालून बसलेली. पण दर्शन झाल्यावर देवळाच्या मागच्या बाजूला अवश्य जावं. तिथली भिंत सरळ नाही, माशासारखी निमुळती होत गेली आहे. नदीला पूर आला, की पाण्याचा लोंढा त्या टोकावर फुटतो आणि दोहोंकडून निघून जातो. नदीच्या काठी बांधायचं तर नदीशी भांडून चालत नाही, तिला वाट द्यावी लागते, हे त्या गवंड्यांना पक्कं ठाऊक होतं.

वाईला विद्येचं म्हणून वेगळंच वळण आहे. नारायणशास्त्री मराठे, म्हणजे पुढचे केवलानंद सरस्वती, यांची प्राज्ञपाठशाळा इथली. विनोबा भावे तरुणपणी संस्कृत शिकायला इथेच येऊन राहिले होते. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी याच पाठशाळेत घडले, आणि त्यांच्यामुळे मराठी विश्वकोशाचं कामही वाईत आलं. विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला. 'अ'पासून सुरू झालेलं एवढं मोठं काम मुंबई-पुण्यात न होता या लहानशा गावी व्हावं, याचं मला शिक्षिका म्हणून फार अप्रूप वाटतं.

तीनेक किलोमीटरवर मेणवली. नाना फडणीसांचा चौकांमागून चौक असलेला वाडा, त्याच्या मागे उतरत गेलेला घाट, काठावर मेणेश्वराचं आणि विष्णूचं देऊळ. तिथे टांगलेली घंटा मुद्दाम पाहावी. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे आणि १७०७ हा सनही आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई जिंकली, तेव्हा तिथल्या चर्चमधून आलेली ही घंटा. 'स्वदेस' हा २००४ सालचा चित्रपट याच घाटावर घेतला. आधीच्या वर्षीच्या 'गंगाजल'मध्ये वाई बिहारचं गाव झाली होती! सिनेमा पाहून येणाऱ्यांना घाट ओळखीचा वाटतो, पण घाटामागच्या घरांत काय आहे ते सिनेमात दिसत नाही. ते पाहायला दिंडी दरवाजातून वाकून आत जावं लागतं.

वाडा पाहताना

जुना वाडा पहिल्या भेटीत माणसाला जिंकतो. देवडी, चौक, चौकात तुळशीवृंदावन, सोपा, माजघर, काळोख्या जिन्यावरून वर माडी, मागे परसात आड. कोनाडे, खुंट्या, भिंतीतली फडताळं. बाहेर रणरणतं ऊन आणि आत माठातल्या पाण्यासारखा गारवा! तिथेच आपण मनात पडदे लावायला लागतो. नेमकं याच वेळी मन आवरून थोडं गवंड्याच्या नजरेने पाहावं.

जुन्या घराचा आकार खणांत सांगतात. दोन तुळयांमधली जागा म्हणजे एक खण. 'पाच खणी सोपा' म्हटलं की जाणत्याला सोपा डोळ्यांपुढे दिसतो. या खणांचा सगळा भार लाकडी खांबांवर आणि तुळयांवर असतो. लाकूड सागाचं असेल तर शंभर-दीडशे वर्षं सहज टिकतं, मात्र ते कोरडं राहिलं पाहिजे. ते बिघडतं कुठे, तर खांबाच्या पायथ्याशी आणि तुळईचं टोक भिंतीत शिरतं तिथे. आमच्याबरोबर आलेले सुतारकाका घरात शिरले, की आधी काठीने खांब ठोकून पाहायचे. भरीव आवाज आला तर पुढे जायचे, पोकळ आला तर नुसतं माझ्याकडे बघायचे. एका सुरेख, कोरीव खांबाच्या पायथ्याला त्यांनी साधा पेचकस लावला, तर तो लोण्यात शिरावा तसा आत गेला. वाळवीने आतून सगळं खाल्लेलं, वरून मात्र नवा तेलरंग!

दुसरी गोष्ट कौलांची. कौलारू छप्पर दरवर्षी पावसाआधी चाळावं लागतं. मांजरं धावतात, वारा येतो, कौलं सरकतात, आणि एका कौलाच्या फटीतून चार महिने ठिबकणारं पाणी एक वासा कुजवतं. घरमालक परगावी असला की चाळणं राहतं, आणि वाईतले पुष्कळ घरमालक आज परगावीच आहेत. म्हणून माझं सांगणं असं, की वाईतलं घर दिवाळीत किंवा मे महिन्यात पसंत करू नये. ते जुलै-ऑगस्टात, चांगला आठवडाभर पाऊस लागून राहिल्यावर पाहावं. त्या दिवसांत घर काही लपवू शकत नाही.

भिंतींचंही तसंच. या भिंती विटांच्या, मातीच्या नाहीतर चुन्याच्या दर्जांच्या, दोन-दोन फूट रुंद. त्या ओल शोषतात आणि उन्हाळ्यात सोडून देतात. वरून सिमेंटचा गिलावा थापला की ओल आत कोंडते, वर वर चढत जाते आणि वर्षा-दोन वर्षांत पोपडे सुटायला लागतात. दुरुस्ती करायची तर चुन्यानेच करावी. चुना जाणणारा गवंडी शोधावा लागतो, तो सावकाश काम करतो आणि पैसेही जास्त घेतो. हे आधीच धरून चालावं. घराच्या किमतीएवढाच दुरुस्तीचा आकडा होऊ शकतो, ही गोष्ट दलाल सांगत नाही.

पाण्याचं तर विसरूच नये. वर धोमचं धरण आहे. पाऊस जोराचा झाला आणि धरणातून पाणी सोडलं, की घाटाच्या पायऱ्या दिसेनाशा होतात, पाणी गणपतीच्या देवळाशी येतं. जलसंपदा खात्याने नदीकाठी पूररेषा आखलेल्या असतात, एक निळी आणि तिच्याबाहेर एक लाल. निळ्या रेषेच्या आत नवं बांधकाम करता येत नाही, दोन्ही रेषांच्या मध्ये अटी असतात. आपलं घर कोणत्या रेषेत येतं, हे नगरपालिकेत जाऊन नकाशावर बोट ठेवून विचारावं. आणि कागदावर विचारून झालं, की शेजारच्या आजींना विचारावं, "पाणी कुठवर आलं होतं हो?" त्या भिंतीवरची खूणच दाखवतात.

एवढं पाहिल्यावर रोजच्या सोयींकडे यावं. आळ्या अरुंद, गाडी दारापर्यंत जात नाही. मग म्हातारं माणूस आजारी पडलं तर खुर्चीत बसवून रस्त्यापर्यंत आणावं लागेल का? जिना किती चढा आहे? संडास चौकाच्या पलीकडे असेल, तर पावसाळ्यात रात्री सासूबाई तिथवर जातील का? सोप्यातल्या झोपाळ्यावर बसून हे प्रश्न सुचत नाहीत, म्हणून ते घरून लिहून न्यावेत.

कागद

यातून आम्हाला एक घर पसंत पडलं. सबंध वाडा नव्हे, वाड्याचा पूर्वेकडचा भाग. खाली सोपा, माजघर आणि स्वयंपाकघर, वर माडी, मागे परसात सामाईक आड. खांब ठणठणीत, छपराचे तीन वासे बदलायचे. घाट दोन मिनिटांवर, पण पुराच्या खुणेपेक्षा जोतं चांगलं उंच. किंमत आमच्या ऐपतीच्या काठावरची. ह्यांच्या भविष्यनिर्वाह निधीतली उचल, माझ्या शिकवण्यांचे साठलेले पैसे आणि सासूबाईंची मुदत ठेव, अशी जुळवाजुळव झाली.

घर विकणारे तिघे भाऊ. थोरले वाईतच, दुसरे मुंबईला, धाकटे नाशिकला. दलालाने आमच्यापुढे नगरपालिकेची घरपट्टीची पावती ठेवली आणि म्हणाला, "ताई, हे बघा, नावावर आहे."

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. घरपट्टीची पावती म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे. कर कुणीही भरू शकतो. गावठाणात नगर भूमापन झालेलं असतं, त्याची मिळकत पत्रिका काढावी, म्हणजे आपण ज्याला प्रॉपर्टी कार्ड म्हणतो ती. तिच्यावर मूळ मालक कोण, त्यानंतर कुणाची नावं कशी लागली, कुठलं कर्ज आहे का, हे कळतं. मग वकिलाकडून दुय्यम निबंधकाच्या कचेरीतल्या नोंदींचा निदान तीस वर्षांचा शोध घ्यावा. कुठे गहाणखत आहे का, जुना विक्रीचा करार आहे का, कोर्टात दावा आहे का. वाडा वाटलेला असेल तर वाटणीपत्र नोंदलेलं आहे का, ते पाहावं. सामाईक भिंत कुणाची, आडावर हक्क कुणाचा, देवडीतून जायची वहिवाट खरेदीखतात लिहिलेली आहे का, हेही पाहावं. आणि माडीवर भाडेकरू असेल तर 'तो जाईल हो' या शब्दावर विसंबू नये, जागा रिकामी करून घ्यावी.

आमच्या वकीलबाईंनी मिळकत पत्रिका पाहिली. वडील वारल्यावर तिघा मुलांची वारस म्हणून नोंद झालेली. त्यांनी चष्मा काढला आणि थोरल्या भावांना विचारलं, "बहिणी किती?"

"दोन आहेत. पण त्या दिलेल्या घरी सुखात आहेत. त्यांचं काही म्हणणं नाही."

"त्यांनी हक्कसोडपत्र दिलंय का?"

"तसं कागदावर नाही. पण त्या आमच्या शब्दाबाहेर नाहीत."

दलाल मधेच म्हणाला, "मॅडम, पत्रिकेवर नावच नाही, तर प्रश्न कुठे येतो?"

प्रश्न येतो, आणि तो तसा का येतो, हे आपण बायकांनी तरी नीट जाणून घ्यायला हवं. १९५६च्या हिंदू वारसा कायद्याने वडिलांच्या मिळकतीत मुलीला वारस म्हणून वाटा दिला. पण घराच्या बाबतीत एक मेख होती. राहत्या घरात पुरुष वारस नांदत असतील, तर ते आपण होऊन वाटण्या करीपर्यंत मुलीला वाटणी मागता येत नसे. लग्न झालेल्या मुलीला, ती सुखाने नांदत असेल तर, त्या घरात राहायचाही हक्क नव्हता. वडिलोपार्जित मिळकतीत जन्मापासून हक्क असे तो मुलग्यांचाच. महाराष्ट्राने १९९४ साली हा कायदा बदलून मुलींनाही जन्मतः हक्क दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या मुलींना त्यातून वगळलं. पुढे ९ सप्टेंबर २००५पासून सबंध देशात मुलगी मुलाच्या बरोबरीने वारस झाली, लग्न झालेली असो वा नसो. राहत्या घराबद्दलचं ते कलमही गेलं. आणि २००५ साली वडील हयात नसले तरी मुलीचा हक्क जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केलं. २० डिसेंबर २००४च्या आधी रीतसर नोंदलेली किंवा कोर्टातून झालेली वाटणी असेल, तर ती मात्र मोडत नाही.

आमच्या या घराची अशी कुठलीच वाटणी झालेली नव्हती. मिळकत पत्रिकेवर नाव लागलेलं नाही म्हणून हक्क नाही असं होत नाही, असं वकीलबाईंनी स्वच्छ सांगितलं. दोघी बहिणींच्या सह्यांशिवाय घेतलेलं घर म्हणजे उद्या त्या किंवा त्यांची मुलं दावा लावू शकतील असं घर.

दोन सह्या

थोरल्या भावांना ते रुचलं नाही. मुंबईचं दुसरं गिऱ्हाईक तयार आहे, पंधरा दिवसांत इसार दिला नाही तर घर गेलं समजा, असा निरोप आला. ह्यांचाही जीव वर-खाली व्हायला लागला. "इतकं मनासारखं घर पुन्हा मिळायचं नाही. सह्या ते आणून देतील, आपण त्यांच्या घरच्या भानगडीत कशाला पडायचं?" असं ह्यांनी एकदा म्हणूनही पाहिलं.

त्या रात्री जेवणं झाल्यावर सासूबाई बोलल्या. वाईच्या घरासाठी सगळ्यांत आतुर त्याच होत्या, म्हणून मला वाटलं, त्याही ह्यांचीच री ओढतील. पण त्या म्हणाल्या, "मी केलीय ती सही. १९८४ साली. दिवाळीला गेले होते. दादाने चहाच्या वेळी कागद पुढे ठेवला. 'इथे नाव लिही' म्हणाला, मी लिहिलं. वहिनीने इरकल साडी दिली, चांदीचा करंडा दिला. मला वाटा नकोच होता गं. पण कागदात काय आहे ते कुणी वाचून दाखवलं नाही. सही करेपर्यंत मी माहेरी जात होते, सही केल्यावर भावाकडे जायला लागले." थोडा वेळ थांबून म्हणाल्या, "त्या दोघींनी समजून सही केल्याशिवाय मला त्या घरात दिवा लावायचा नाही."

ह्यांनी मान खाली घातली आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच भावांना फोन केला. दोघी बहिणी विकणाऱ्या म्हणून आल्या तर आम्ही घेऊ, नाहीतर नाही.

मुंबईच्या गिऱ्हाइकाचं पुढे काही ऐकू आलं नाही. कदाचित त्यांच्या वकिलानेही तोच प्रश्न विचारला असेल! तीन महिने सगळं थंड पडलं. मग धाकट्या भावांचा फोन आला. त्यांनी दोघी बहिणींशी बोलणं केलं होतं. धाकटी बहीण इंदूरला असते, ती सही द्यायला तयार होती आणि तिला वाटाही नको होता. थोरली मिरजेला असते, विधवा आहे. ती म्हणाली, "आधी मला घर बघू दे."

आणि त्या आल्या. आम्हालाही बोलावलं होतं. सासूबाई आणि त्या, दोघी साधारण एका वयाच्या. आळी वेगळी, पण शाळा एकच निघाली! मिरजेच्या काकू एकेका खोलीतून फिरल्या. माजघरातल्या एका कोनाड्यापाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "माझी पाटी-दप्तर इथे असायचं. दादाचं वर माडीवर." माडीवर टेबल होतं, खिडकी होती. माजघरात दिवसाही दिवा लावावा लागतो.

चहा झाल्यावर त्या थोरल्या भावाला म्हणाल्या, "दादा, घर विकू नका असं मी म्हणत नाही. तुला एकट्याला ते सांभाळवत नाही, हे मला दिसतंय. पण आईची शेवटची दोन वर्षं मी मिरजेला काढली. तेव्हा मी लेक होते, आणि कागदावर नाव लावताना नाही, असं कसं?"

थोरले भाऊ काही बोलले नाहीत. आमच्यासमोर हा विषय निघावा याचंच त्यांना वाईट वाटत असावं. आम्ही उठून परसात गेलो. सासूबाई आडाच्या काठाला हात लावून उभ्या राहिल्या होत्या.

शेवटी पाच सारखे वाटे ठरले. धाकट्या बहिणीने आपला वाटा मिरजेच्या बहिणीला द्यायला सांगितला. खरेदीखताच्या मसुद्यात दोघी बहिणींना आधी 'मान्यता देणार' म्हणून घातलं होतं, म्हणजे विक्री भावांची आणि यांची नुसती संमती. वकीलबाईंनी ते खोडून दोघींनाही 'लिहून देणार' केलं. शब्दाचाच फरक, पण त्या शब्दाने त्या घराच्या मालकिणी म्हणून कागदावर आल्या, मग ते घर विकण्यापुरतं का होईना. पैसे पाच जणांच्या नावांनी ठरल्याप्रमाणे वेगवेगळे दिले, कुणा एकाच्या हाती नाही.

घर आम्ही सासूबाईंच्या आणि माझ्या नावावर घेतलं. महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१पासून राहतं घर केवळ बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. बरोबर पुरुषाचं नाव असलं तर ती मिळत नाही. नोंदणी फी एक टक्का, जास्तीत जास्त तीस हजार रुपये. सवलतीत वाचलेल्या पैशांतून छपराचे तीन वासे बदलून झाले.

नोंदणीच्या दिवशी थोरले भाऊ बहिणीशी बोलले नाहीत. फोटो काढायला, अंगठा लावायला एकामागून एक उठले, बसले आणि निघून गेले. ते पाहून मला चुटपुट लागली, अजूनही लागते. आमच्या आग्रहामुळे त्या भावंडांत अबोला आला, असं कुणी म्हणेल. पण बहिणीला न विचारता घर विकलं गेलं असतं, तर अबोला तिच्या मनात राहिला असता, एवढाच फरक. यंदाच्या कृष्णाबाईच्या उत्सवाला मिरजेच्या काकू आल्या होत्या. आमच्याकडे दोन दिवस राहिल्या. जाताना थोरल्या भावाच्या नव्या घरी डबा पोचता करायला त्यांनी माझ्या मुलाला पाठवलं. डबा रिकामा परत आला नाही, त्यात चार करंज्या होत्या. पुढचं त्यांचं ते पाहतील.

जाताजाता

वाईला घर घ्यायची हौस असेल त्यांनी जरूर घ्यावं. या घरांना राहती माणसं हवी आहेत. कुलूप लागलेला वाडा दहा पावसाळ्यांत खचतो, दिवा लागणारा वाडा पिढ्यान्‌पिढ्या उभा राहतो. मात्र आधी एक पावसाळा भाड्याने राहून पाहावं. सकाळी मंडईत जावं, संध्याकाळी घाटावर बसावं, दवाखाना किती दूर आहे तो चालत जाऊन मोजावा. जुनं घर पाडून नवं बांधायचा विचार असेल, तर मग वाईलाच कशाला यायचं, हेही स्वतःला विचारावं. सुताराला बरोबर न्यावं, घर भर पावसात पाहावं, मिळकत पत्रिका स्वतःच्या डोळ्यांनी वाचावी. आणि विकणाऱ्यांना न लाजता विचारावं, "बहिणी किती?"

दुसरी बाजूही आहे. आपल्यापैकी पुष्कळजणींना केव्हातरी माहेरी चहाबरोबर एक कागद पुढे येणार आहे, किंवा येऊन गेलाही असेल. वाटा घ्यायचा की सोडायचा, हे ज्याचं त्याने ठरवावं. भावाची परिस्थिती बेताची असेल, आपलं बरं चाललं असेल, तर आनंदाने सोडावा, त्यात कमीपणा नाही. पण कागद घरी नेऊन वाचावा, समजला नाही तर जाणत्याला विचारावं, सही स्वतःच्या मनाने करावी आणि त्याची एक प्रत आपल्या कपाटात ठेवावी. साडी-करंडा काय, तो नंतरही घेता येतो.